जुना लॅपटॉप आणि विंडोज ११: टाकायची, थांबायचं की नवीनच घ्यायचा?

विंडोज १० चे फुकट अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले आणि तेव्हापासून या सदराकडे सगळ्यात जास्त प्रश्न याच एका गोष्टीचे येतायत. त्यातले चार यावेळी घेतलेत. पहिल्याला जरा जास्त जागा दिलीय कारण थोड्याफार फरकाने तोच प्रश्न बऱ्याच जणांचा आहे.

प्रश्न (एक वाचक, कर्वेनगर): ताई, नमस्कार. मी आमच्या सोसायटीचा खजिनदार आहे. हिशेब टॅलीत, मेंटेनन्सची बिलं एक्सेलमध्ये आणि बँकेचं सगळं नेटबँकिंगवर. लॅपटॉप २०१६ सालचा आहे, आय५ आहे, पुढे ६२००यू असं लिहिलंय, ४ जीबी रॅम, १ टीबी हार्डडिस्क, विंडोज १०. चालू व्हायलाच इतका वेळ घेतो की बटण दाबून मी आंघोळीला जातो. आता सपोर्ट संपला असा मेसेज येतो. टिळक रोडवर एका दुकानात विचारलं तर ते म्हणाले, काका हा आता गेला, नवीन घ्या. शेजारचा म्हणाला, दीड हजारात ११ टाकून देतो, काही होत नाही. मुलगी म्हणते विंडोज काढून लिनक्स टाका. आणि मार्च अखेर तोंडावर आलीय. कुणाचं ऐकू?

उत्तर: काका, नमस्कार. तिघांपैकी कुणाचंच आज लगेच ऐकू नका, कारण तिघांनीही तुम्हाला एक प्रश्न विचारलेलाच नाही की या लॅपटॉपवर काम काय चालतं. तुमच्याकडे एका अख्ख्या सोसायटीचे हिशेब आहेत, लोकांचे पैसे आहेत, त्यामुळे निर्णय त्या कामाकडे बघून घ्यायचा, लॅपटॉपचं वय नंतर.

आधी एक गुंता सोडवू. लॅपटॉप हळू चालणं आणि सपोर्ट संपणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दुकानात त्या एकत्र करून सांगतात. तुमचा लॅपटॉप हळू आहे तो विंडोज जुनी झाली म्हणून नाही, तो हार्डडिस्कमुळे आहे. २०१६ च्या लॅपटॉपमधली डिस्क बहुतेक मिनिटाला ५४०० फेऱ्यांची असते, म्हणजे एक फेरी व्हायला ११ मिलिसेकंद लागतात, आणि विंडोज चालू होताना हजारो बारीक बारीक फायली डिस्कच्या वेगवेगळ्या कोपऱ्यातून वाचते, त्यामुळे डिस्कचं डोकं नुसतं इकडून तिकडे पळत बसतं आणि सेकंदाला शंभराच्या आसपासच असे तुकडे वाचून होतात. एसएसडीत, म्हणजे चिपवर डेटा ठेवणाऱ्या नव्या प्रकारच्या डिस्कमध्ये, फिरणारं काही नसतंच, ती हेच तुकडे सेकंदाला हजारोंनी वाचते. खात्री करायची असेल तर लॅपटॉप चालू झाल्यावर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा, टास्क मॅनेजर उघडेल, त्यात डिस्कच्या खाली १०० टक्के दिसत असेल आणि सीपीयू मात्र दहा-वीसवर निवांत असेल तर निदान झालं. प्रोसेसर रिकामा बसलाय, डिस्कची वाट बघत. अशा मशीनवर विंडोज ११ टाकली तर ती आणखी रडेल.

आता सपोर्टचं. सपोर्ट संपला म्हणजे लॅपटॉप बंद पडत नाही, टॅली बंद होत नाही, फायली कुठे जात नाहीत. होतं ते असं की दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी मायक्रोसॉफ्ट जी भोकं बुजवतं ती तुमच्याकडे बुजत नाहीत. आणि यातला खरा धोका लोकांच्या लक्षात येत नाही तो हा, की १० आणि ११ चा आतला बराचसा कोड एकच आहे, त्यामुळे ११ ला दुरुस्ती आली की ती दुरुस्ती बघून १० मध्ये भोक कुठे आहे ते शोधणाऱ्यांना आयता पत्ता मिळतो. अँटीव्हायरस आहे ना मग काय, असं बरेच जण म्हणतात. डिफेंडरला, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या अँटीव्हायरसला, नवीन व्हायरसची माहिती २०२८ पर्यंत मिळत राहणार आहे हे खरं, पण ती भोक बुजवत नाही. ज्या मशीनवर नेटबँकिंग होतं तिथे मला हे चालवून घ्यायचं नाही आणि तुम्हीही घेऊ नका.

मग ११ टाकायची का? तुमचा प्रोसेसर ६२००, पहिला आकडा ६ म्हणजे सहावी पिढी. विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी किंवा पुढची लागते, शिवाय टीपीएम २.० नावाची सुरक्षेची चिप, सिक्युअर बूट, ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा. तुमचं प्रोसेसरवरच अडतं. दीड हजारवाले जे करणार आहेत ते म्हणजे ही तपासणी चुकवून ११ बसवणं. ते होतं, खरंच होतं, आणि चालतंही. पण मायक्रोसॉफ्टने स्वच्छ सांगितलंय की अशा मशीनला अपडेट मिळण्याची हमी नाही, आणि दरवर्षी येणारी मोठी आवृत्ती तर आपोआप येत नाही, ती पुन्हा तपासणी चुकवून हातानेच बसवावी लागते. म्हणजे ज्या अपडेटसाठी हा सगळा खटाटोप, त्यांचीच खात्री नाही. घरी सिनेमे बघायच्या लॅपटॉपवर कुणाला करायचं असेल तर करावं. सोसायटीच्या हिशेबाच्या मशीनवर नाही.

तुमच्यासाठी मधला रस्ता आहे आणि तो ना दुकानात कुणी सांगितला ना शेजाऱ्याने याचं मला वाईट वाटतं, कारण त्याला पैसे पडत नाहीत. विंडोज १० ला एक वर्षाचे जादा सुरक्षा अपडेट मिळतात, घरगुती मशीनसाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेटच्या पानावर जा, तिथे एनरोल नाऊ असा पर्याय दिसेल. त्याआधी तुमची आवृत्ती २२एच२ आहे ना ते सिस्टिमच्या अबाउटमध्ये बघा, जुनी असेल तर आधी ती आणा. मायक्रोसॉफ्टचं खातं लागतं. मग तीन पर्याय येतात, ३० डॉलर भरा, किंवा रिवॉर्ड्सचे १००० पॉइंट द्या, किंवा लॅपटॉपची सेटिंग्ज वनड्राइव्हवर सिंक करा, हा तिसरा फुकट आहे. फक्त सिंक करताना डॉक्युमेंट्स आणि डेस्कटॉपचे फोल्डरसुद्धा वर चढवायला ते विचारतं, ते बंद ठेवा, कारण फुकटची जागा ५ जीबीच आहे आणि ती भरली की मग रोज मेसेज येत बसतो.

आणि आता तुमचंच कॅलेंडर बघा. वर्ष ३१ मार्चला संपणार, ऑडिट ३१ जुलैपर्यंत उरकायचं, वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत. जादा अपडेट संपतात १३ ऑक्टोबरला. म्हणजे या वर्षीचं सगळं काम याच मशीनवर, याच विंडोजवर, सुरक्षितपणे पार पडतं आणि मशीन बदलायची वेळ बरोबर सभा झाल्यानंतर येते. ऑडिटच्या महिन्यांत ऑपरेटिंग सिस्टीमला हात लावायचा नाही हे माझं सगळ्या खजिनदारांना, सेक्रेटऱ्यांना हात जोडून सांगणं आहे.

पण तोपर्यंत आंघोळीला जात बसायचं कारण नाही. एसएसडी टाकून घ्या. अडीच इंची साटा एसएसडी, २५० किंवा ५०० जीबीची, तुम्हाला पुरते. दुकानदाराला सांगा की नवीन विंडोज टाकू नका, आहे ती डिस्क जशीच्या तशी क्लोन करा. म्हणजे टॅली, प्रिंटर, सगळं होतं तिथेच राहतं. जुन्या डिस्कवर एसएसडीत मावणार नाही इतका डेटा असेल तर आधी फोटो-व्हिडिओ बाहेर काढा. आणि जुनी हार्डडिस्क दुकानात सोडून येऊ नका, तिच्यात सभासदांची नावं, नंबर, खात्यांचे तपशील आहेत. ती एका केसिंगमध्ये घालून घ्या, यूएसबीने जोडायची बॅकअप डिस्क तयार झाली.

रॅम ८ जीबी करता आली तर फरक पडेल, पण गेल्या वर्षाच्या अखेरीपासून रॅमचे भाव चांगलेच चढलेत, तेव्हा आधी एसएसडीवर चालवून बघा आणि मगच ठरवा. घ्यायचीच झाली तर मागचं झाकण उघडून आतल्या रॅमचं स्टिकर वाचून जायचं, पीसी३एल लिहिलं असेल तर डीडीआर३एल, पीसी४ असेल तर डीडीआर४, एकाची दुसऱ्यात बसत नाही.

हे सगळं करायच्या आधी दोन कामं, आणि ती तुम्ही स्वतः समोर बसून करायची. पहिलं, टॅलीचा बॅकअप टॅलीतूनच घ्यायचा आणि तो दुसऱ्या एखाद्या मशीनवर रिस्टोअर करून बघायचा, कमिटीतल्या कुणाकडे किंवा तुमच्या सीएंकडे. रिस्टोअर करून न बघितलेला बॅकअप मी बॅकअप धरत नाही. दुसरं, टॅलीचं लायसन्स मशीनला बांधलेलं असतं, त्यामुळे डिस्क बदलण्याआधी ते टॅलीतूनच सरेंडर करायचं आणि नंतर परत चालू करायचं, खात्याचा ईमेल आणि पासवर्ड हाताशी ठेवा. बऱ्याच सोसायट्यांत हा ईमेल तीन कमिट्यांपूर्वीच्या कुणा पदाधिकाऱ्याचा असतो आणि ते गृहस्थ आता बाणेरला नाहीतर बंगळुरूला राहत असतात. तसं असेल तर आत्ताच शोधा त्यांना, डिस्क उघडल्यावर नको.

लिनक्सबद्दल, तुमची मुलगी चुकीचं सांगत नाहीये. लिनक्स मिंट या मशीनवर छान चालेल, फुकट आहे, बँकेच्या साइट फायरफॉक्सवर उघडतात, मराठी टाइप होतं, सध्याच्या २२ च्या मालिकेला २०२९ पर्यंत अपडेट आहेत. पण टॅली विंडोजसाठी आहे. लिनक्सवर ती कशीबशी चालवण्याचे मार्ग आहेत, हिशेबासाठी मी ते सुचवणार नाही. शिवाय तुमचा प्रिंटर कुठला ते बघा. आपल्याकडे घरोघरी, ऑफिसात कॅनन एलबीपी २९०० आहे आणि तो लिनक्सला जोडताना वेगळा ड्रायव्हर बसवण्याची खटपट करावी लागते, ती प्रत्येकाला जमेलच असं नाही.

तेव्हा ऑक्टोबरनंतर सोसायटीने एक मशीन घ्यावं, ठराव करून, सोसायटीच्या नावाने, आणि हा लॅपटॉप मिंट टाकून तुमच्या घरी राहू दे, नातवंडांसाठी, यूट्यूबसाठी, अजून चारेक वर्षं काढेल. नवीन ऐवजी रिफर्बिश्ड घेतलं तरी चालेल, पुण्यात आयटी कंपन्यांतून लीज संपून आलेले चांगले लॅपटॉप भरपूर मिळतात. पण एक बघाच. त्यात सहाव्या-सातव्या पिढीचे लॅपटॉप विंडोज ११ टाकूनच विकायला ठेवलेले असतात, तीच तपासणी चुकवून. स्क्रीनवर ११ दिसतंय म्हणून भुलू नका, अबाउटमध्ये प्रोसेसरचा आकडा वाचा. आठ हजाराने सुरू होणारा किंवा पुढचा हवा, १० ने किंवा ११ ने सुरू होणारा असेल तर तो दहाव्या-अकराव्या पिढीचा. एएमडीचा रायझन असेल तर लॅपटॉपमध्ये ३००० च्या मालिकेपासून पुढचा घ्या.

अजून एक, याची मला मनापासून काळजी वाटते. तुमची विंडोज संपली, लगेच अपडेट करा, या नंबरवर फोन करा असं सांगणारे फोन आणि स्क्रीनभर येणारे मेसेज सध्या ज्येष्ठ लोकांना गाठतात. मायक्रोसॉफ्ट कुणाला असा फोन करत नाही. कुणी एनीडेस्कसारखं, लांबून तुमचं मशीन चालवू देणारं ॲप टाकायला सांगितलं, स्क्रीन शेअर करायला सांगितली तर फोन ठेवून द्यायचा. पैसे गेलेच तर त्याच मिनिटाला १९३० वर फोन करायचा, लाज वाटून थांबायचं नाही. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम मध्येच अडवली जाण्याची शक्यता जास्त.

प्रश्न (एक वाचक, नारायण पेठ): आमचं छोटं डीटीपीचं काम आहे, लग्नपत्रिका, संस्थांचे अहवाल, स्मरणिका. लॅपटॉप विंडोज ७ चा आहे, त्यावर पानं लावायला पेजमेकर आणि मराठी टाइप करायला श्रीलिपीचं जुनं व्हर्जन, यूएसबी लॉकवालं, म्हणजे तो लॉक लावला तरच उघडतं. सीडी कधीच हरवली. काम मस्त चालतं पण क्रोम म्हणतं अपडेट होणार नाही, मेलवरच्या फायली उघडायला त्रास होतो. यावर १० किंवा ११ टाकून घेऊ का?

उत्तर: नाही दादा, या मशीनवर काही टाकू नका. अपग्रेड न करणं हाच इथे शहाणपणाचा निर्णय आहे आणि त्याची कारणं पक्की आहेत.

विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्ये येते. तुमचे ३२ बिटचे प्रोग्रॅम तिच्यावर चालतीलही, पण लॉकचा ड्रायव्हर ३२ बिटचा असेल तर तो ६४ बिट विंडोजवर चालतच नाही, आणि ६४ बिटचा असला तरी जुन्या ड्रायव्हरना ११ मधली मेमरी इंटिग्रिटी नावाची सोय अडवते. लॉक ओळखला नाही की श्रीलिपी उघडणार नाही, सीडी नाही म्हणजे पुन्हा बसवता येणार नाही, आणि वीस वर्षांच्या पत्रिकांच्या फायली नुसत्या बघत बसाल. हे ऐन लग्नसराईत झालं तर काय होईल ते तुम्हाला सांगायला नको.

पण आहे तसं चालू द्या असंही मी म्हणणार नाही. विंडोज ७ चे अपडेट १४ जानेवारी २०२० ला थांबले, क्रोमचं ७ वर चालणारं शेवटचं व्हर्जन १०९, तेही २०२३ च्या सुरुवातीचं. हे मशीन नेटवर असणं आता बरोबर नाही. त्याचं वायफाय बंद करा, लॅनची वायर काढा आणि त्याला फक्त पेजमेकर आणि श्रीलिपीचं मशीन करून टाका. मेल, व्हॉट्सॲप, यूपीआय, गिऱ्हाइकाच्या फायली उतरवणं हे सगळं दुसऱ्या मशीनवर, मग ते साधं रिफर्बिश्ड का असेना. फायली पेन ड्राइव्हने न्यायच्या आणि तो पेन ड्राइव्ह दर वेळी नवीन मशीनवर आधी स्कॅन करायचा. गिऱ्हाइकाचा पेन ड्राइव्ह जुन्याला थेट लावायचा नाही, कितीही घाईत असलं तरी.

याहून मोठी भीती मला तुमच्या हार्डडिस्कची वाटते. विंडोजचं काय ते जगाला माहीत आहे, डिस्क मात्र सांगून जात नाही. सीडी हरवलेली असताना तुमचं अख्खं दुकान त्या एका डिस्कवर उभं आहे. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं छोटं फुकट सॉफ्टवेअर आहे, ते चालवून बघा, पिवळ्या रंगात कॉशन आलं किंवा रीअलोकेटेड सेक्टर, म्हणजे डिस्कने खराब म्हणून बाजूला काढलेले भाग, वाढत चालले असतील तर त्याच दिवशी काम थांबवा. आणि हिरवं, निळं काहीही आलं तरी या आठवड्यात डिस्कचा क्लोन एका एसएसडीवर करून घ्या. लायसन्स यूएसबी लॉकमध्ये आहे, त्यामुळे डिस्क बदलली तरी ते जिथल्या तिथे राहायला हवं. क्लोनवरून मशीन चालू करून, श्रीलिपी उघडून, एक जुनी पत्रिका प्रिंट काढून बघा आणि मगच जुनी डिस्क कपाटात ठेवा. आणि तो लॉक सांभाळा, टेबलाच्या कडेला बाहेर आलेल्या यूएसबीला धक्का लागून तो तुटतो.

पुढचा विचारही सुरू करा. श्रीलिपी पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकची आहे, त्यांच्याकडे लॉकचा नंबर घेऊन जा आणि नवीन व्हर्जनवर कसं जाता येईल ते विचारा. नवीन कामं युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मशीनवर वाचता येणाऱ्या मराठी अक्षरांच्या पद्धतीत, घ्यायला लागा. इनडिझाइनमध्ये करणार असाल तर पॅराग्राफच्या सेटिंगमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर निवडा, नाहीतर जोडाक्षरं फुटतात आणि माणूस उगाच फॉन्टला दोष देतो. जुना मजकूर बदलून देणारे कन्व्हर्टर आहेत, बरेचसे काम करतात, पण रफार जागा सोडतो, दुसऱ्या, तिसऱ्यातला ऱ्या बिघडतो, त्यामुळे नजर फिरवल्याशिवाय काही छापायला पाठवू नका. सगळं जुनं बदलत बसायची गरज नाही. दरवर्षी येणाऱ्या संस्थांचे अहवाल आधी घ्या, पत्रिका राहू देत.

प्रश्न (एक वाचक, आंबेगाव): ताई, मी इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. दादाचा जुना लॅपटॉप वापरते, आय५-८२५०यू, ८ जीबी, एसएसडी आहे. सगळे म्हणतात आठवी पिढी चालते पण तपासलं तर टीपीएम नाही असं दाखवतंय. मग नवीनच घ्यावा लागेल का?

उत्तर: अजिबात नाही, घरी नवीन लॅपटॉपचा विषयसुद्धा काढू नकोस. ८२५० ला ११ चालते. तुझ्या लॅपटॉपमध्ये टीपीएम बहुतेक आहेच, फक्त बायोसमध्ये, म्हणजे विंडोज चालू होण्याआधी उघडणाऱ्या मशीनच्या सेटिंग्जमध्ये, बंद आहे. इंटेलमध्ये त्याला पीटीटी म्हणतात, बायोसच्या सिक्युरिटी किंवा ॲडव्हान्स्डच्या पानावर ते सापडेल, चालू कर, सेव्ह कर आणि मायक्रोसॉफ्टचंच पीसी हेल्थ चेक पुन्हा चालवून बघ.

त्याआधी एकच गोष्ट कर. सेटिंग्जमध्ये बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन, म्हणजे डिस्कला कुलूप लावणारी सोय, चालू आहे का बघ. चालू असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर लिहून घे आणि बिटलॉकर तात्पुरतं थांबव, कारण बायोसमध्ये बदल केला की विंडोज पुढच्या वेळी ती की मागू शकते. लॅपटॉप आधी दादाचा होता, म्हणजे की त्याच्या मायक्रोसॉफ्ट खात्यातही असू शकते, त्याला विचार. आणि बायोसमध्ये क्लिअर टीपीएम असा पर्याय दिसेल त्याला हात लावू नकोस.

टीपीएम दिसायला लागूनही सिक्युअर बूटवर अडलं तर डिस्क जुन्या एमबीआर पद्धतीची असेल. ती जीपीटी करायचं साधन विंडोज १० मध्येच आहे, फायली न उडवता होतं, पण मध्येच लाइट गेली तर पंचाईत, तेव्हा बॅकअप घेऊन, चार्जर लावून, आणि पहिल्यांदाच करत असशील तर कॉलेजच्या लॅबमधल्या कुणाला तरी शेजारी बसवून कर. ११ बसल्यावर १० दिवसांच्या आत गो बॅक करून परत १० वर येता येतं. त्या दहा दिवसांत तुझे कोर्सचे सगळे सॉफ्टवेअर एकदा उघडून बघ. हे सगळं सबमिशनच्या आठवड्यात नको. परीक्षा संपू दे.

प्रश्न (एक वाचक, हडपसर): लहान लॅपटॉप आहे, २ जीबी रॅम, ३२ जीबी स्टोरेज, विंडोज १०. रॅम वाढवता येत नाही म्हणतात. काय करावं?

उत्तर: यावर पैसे घालू नका. रॅम आणि स्टोरेज दोन्ही बोर्डावरच चिकटवलेली आहेत, ११ ला दोन्ही कमी पडतात आणि १० चे अपडेट उतरवायलासुद्धा ३२ जीबीत जागा उरत नाही. हलकी लिनक्स टाकून नोंदी लिहायला, गाणी लावायला चालेल, पण आजच्या वेबसाइट २ जीबीत दमतात, त्यामुळे ते करण्यात मजा वाटत असेल तरच करा. बँकेचं काम यावर नको, ते मोबाइलवर करा.

टाकून द्यायचं ठरलं तर फोटो आणि फायली आधी बाहेर काढा, मग सेटिंग्जमधून रीसेट करताना रिमूव्ह एव्हरीथिंग निवडा आणि पुढे चेंज सेटिंग्जमध्ये जाऊन क्लीन डेटा चालू करा, म्हणजे पुसलेलं सहजासहजी परत काढता येत नाही. वेळ लागतो, चार्जर लावून रात्रभर ठेवा. बॅटरी फुगलेली असेल, म्हणजे टचपॅड वर उचललेला किंवा झाकण नीट मिटत नसेल, तर यातलं काही न करता, चार्जरही न लावता लॅपटॉप लगेच घरातून बाहेर काढायचा. ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकायचा नाही. रोज कचरा न्यायला येणाऱ्या स्वच्छच्या, म्हणजे कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या, ताईंना विचारा की ई-कचरा कधी आणि कुठे घेतात, बॅटरी फुगलीय हेही त्यांना आधीच सांगा आणि चार्जर सोबतच द्या.